पाचवा भिडू : अमेरिकन कॉलेजांतले लांब पल्ल्याचे कोच वर कसे येतात?

पायवाट | मंगळवार, रात्री ९.४०

इथे धावण्याचे धागे भरपूर आहेत, पण बहुतेक आपापल्या पळण्याचे. पहिली हाफ मॅरेथॉन, दुखरा गुडघा, नवे बूट. आज पळवणाऱ्यांबद्दल लिहितो. गेली सात-आठ वर्षं मी अमेरिकेतल्या कॉलेज क्रॉस कंट्रीच्या (माळरानावरच्या, चढ-उतारांच्या शर्यती) नादी लागलोय. तिथले काही कोच बघता बघता वर आले आणि तेवढेच मेहनती असलेले बाकीचे आहेत तिथेच राहिले. असं का होतं, हा प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही.

२३ नोव्हेंबर २०२४. मॅडिसन, विस्कॉन्सिन. अमेरिकन कॉलेज-खेळांची संघटना एनसीएए, तिच्या सगळ्यात वरच्या गटाची, म्हणजे डिव्हिजन वनची राष्ट्रीय स्पर्धा. पुरुषांची शर्यत १० किलोमीटरची, महिलांची ६ ची. मी एका चढाजवळ दोरीला खेटून उभा होतो. पुढचा घोळका गेला, आरोळ्या झाल्या आणि आजूबाजूची माणसं फिनिशकडे पळत सुटली. एक कोच मात्र जागचा हलला नाही. पुढच्या घोळक्यात त्याचा एक पोरगा होता, त्याला त्याने नुसता हात केला. मग पन्नास-साठ जण गेल्यावर, मान एका खांद्यावर कललेला, ओठांना पांढरी थुंकी चिकटलेला एक पोरगा दिसला आणि हा माणूस दोरीच्या अलीकडून त्याच्या बरोबरीने पळायला लागला. पोराचं नाव आणि एकच आकडा ओरडत होता, "सहा! सहा!" म्हणजे पुढच्या सहा जणांना गाठ. चढ संपेपर्यंत पोराने चौघांना मागे टाकलं. कोचचा आवाज पार बसला होता. तो पोरगा म्हणजे त्या संघाचा पाचवा भिडू.

ज्यांना गुणांची पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एका संघाचे सात जण पळतात. पहिल्या पाच जणांचे क्रमांक बेरीज करायचे, ज्याची बेरीज सगळ्यात कमी तो जिंकला. सहाव्या-सातव्याचे गुण धरत नाहीत, पण ते दुसऱ्या संघाच्या पाचव्याच्या पुढे आले तर त्याचा क्रमांक मागे ढकलतात. राष्ट्रीय स्पर्धेत ३१ संघ आणि ३८ सुटे खेळाडू, म्हणजे अडीचशेच्या वर माणसं एकदम सुटतात. पुढे अंतर मोकळं असतं. मधल्या गर्दीत मात्र एका श्वासात पाच जण मागे पडतात नाहीतर पुढे जातात. तुमचा हिरो पहिला आला काय आणि चौथा आला काय, फरक तीन गुणांचा. पाचवा भिडू ढेपाळला तर चाळीस गुणांचा खड्डा.

२०२२ ची स्टिलवॉटरची शर्यत आठवा. नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठाचे निको यंग दुसरा आणि ड्रू बॉस्ली तिसरा. दोघांचे मिळून पाचच गुण! तरी शेवटी ओक्लाहोमा स्टेटबरोबर ८३-८३ अशी बरोबरी झाली, तीही ओक्लाहोमा स्टेटच्या घरच्या मैदानावर. उरलेले ७८ गुण तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या भिडूचे. बरोबरी झाली की पहिल्याशी पहिला, दुसऱ्याशी दुसरा अशा पाच जोड्या लावून बघतात, आणि त्यात नॉर्दर्न ॲरिझोनाचं पारडं जड ठरलं. पुढच्याच वर्षी महिलांमध्ये नॉर्थ कॅरोलिना स्टेट १२३, नॉर्दर्न ॲरिझोना १२४. एका गुणाने राष्ट्रीय अजिंक्यपद! वर्षभराची मेहनत कोणाच्या तरी पाचव्या मुलीने गाठलेल्या किंवा न गाठलेल्या एका पाठीवर येऊन थांबली.

म्हणून माझं म्हणणं असं की, कोच ओळखायचा तो त्याच्या पाचव्या भिडूवरून. स्टार पोरगा अनेकदा शाळेतूनच तयार होऊन येतो. पाचव्याला कोच घडवतो.

माइक स्मिथ यांचंच घ्या. नॉर्दर्न ॲरिझोनाने पहिलं अजिंक्यपद २०१६ ला जिंकलं ते एरिक हाइन्स यांच्या हाताखाली. त्यानंतर सूत्रं स्मिथ यांच्याकडे आली आणि २०१७, २०१८, २०२०, २०२१, २०२२ अशी पाच अजिंक्यपदं झाली. (२०२० ची स्पर्धा कोविडमुळे मार्च २०२१ मध्ये झाली.) लोक लगेच म्हणतात, त्यांच्या फ्लॅगस्टाफ गावाची उंची. खरं आहे, गाव २१०० मीटरवर आहे, आपल्या कळसूबाईच्या माथ्याहूनही साडेचारशे मीटर वर. विरळ हवेत राहिलं की शरीर तांबड्या पेशी वाढवतं. पण त्याच हवेत वेगाचा सराव मंदावतो, म्हणून ही मंडळी गाडी काढून तासाभरावर खाली कॅम्प व्हर्डीला उतरतात, तिथे जोरात पळतात आणि झोपायला परत वर येतात. हे सगळं उघड आहे, कोणीही नकाशा बघून करू शकतं. आणि ती हवा २०१६ च्या आधीही तिथेच होती की.

सरावाचंही तेच. आज जो तो थ्रेशोल्डबद्दल बोलतो, म्हणजे ज्या वेगापलीकडे थकवा झपाट्याने चढतो ती रेषा. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, बोट टोचून रक्तातलं लॅक्टेट (जोर लावला की वाढणारा घटक) बघायचं आणि ठरल्या रेषेच्या वर जाऊ द्यायचं नाही. नॉर्वेच्या मारियस बाकेनने ही पद्धत स्वतःवर घासूनपुसून तयार केली आणि सगळ्यांसाठी मोकळी केली. वेळापत्रक आता कोणाच्या तिजोरीत नाही. मग तेच वेळापत्रक एकाकडे चालतं आणि दुसऱ्याकडे निम्मा संघ दवाखान्यात का जातो?

मला वाटतं, उत्तर हात आखडण्यात आहे. पोरगा जोरात असतो, आणखी दोन फेऱ्या मागतो, आणि कोच म्हणतो, आज पुरे. असा कोच चार वर्षांत पाच धडधाकट पोरं नोव्हेंबरपर्यंत आणून उभी करतो. बाकीच्यांकडे ऑक्टोबरात दोन तारे आणि पाच जखमी असतात.

तुमचे अनुभव वाचायला आवडतील. खास करून अमेरिकेत मुलं कॉलेजात पळतात अशांचे, आणि इथे गावाकडे कोचिंग करणाऱ्यांचे.


दगडफूल | मंगळवार, रात्री १०.१५

वाचनखूण साठवली. "पाचव्याला कोच घडवतो" हे पटलं. आमच्या कबड्डीतही चढाई करणाऱ्याचं नाव होतं, पण सामना कोपरारक्षक वाचवतो.


निरांजन | बुधवार, सकाळी ७.०५

धाग्याबद्दल मनापासून धन्यवाद. आम्ही अकरा वर्षं युटात राहतो, प्रोव्होपासून जवळ. त्यामुळे दिलजीत टेलर यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आई-वडील पंजाबातून आलेले, त्या वाढल्या कॅलिफोर्नियात. कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाच्या स्टॅनिस्लॉस शाखेत त्या स्वतः पळल्या आणि मग तिथेच कोच झाल्या. मोठं नाव नसलेलं, डिव्हिजन टूचं कॉलेज. २०१६ ला त्या बीवाययूला, म्हणजे प्रोव्होच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात, आल्या. बीवाययूच्या महिला संघाने शेवटचं अजिंक्यपद २००२ मध्ये जिंकलं होतं. टेलर यांनी ते २०२० च्या मोसमात परत आणलं आणि २०२४ ला पुन्हा, पायवाट उभे होते त्याच मॅडिसनच्या मैदानावर. त्याच दिवशी एड आयस्टोन यांच्या पुरुष संघानेही बाजी मारली. एकाच कॉलेजने एका वर्षी दोन्ही अजिंक्यपदं घेणं २००४ च्या कोलोरॅडोनंतर पहिल्यांदाच घडलं.

त्यांच्या मुलाखती मी आवडीने ऐकते. वेळा आणि किलोमीटर यांपेक्षा जास्त बोलणं मुलींशी असलेल्या नात्याबद्दल असतं. पहिल्यांदा मला ते जरा गोडगोड वाटलं होतं. पण निकाल बघा. व्हिटनी ऑर्टन २०२१ ची वैयक्तिक विजेती. कोर्टनी वेमेंट २०२२ ची स्टीपलचेसची (अडथळे ओलांडत पळायची ३००० मीटर शर्यत) विजेती. आणि माझ्या मते सगळ्यात बोलकी गोष्ट ही की, शिक्षण संपल्यावर, व्यावसायिक झाल्यावरही या दोघी टेलर यांच्याकडेच सराव करत राहिल्या आणि पॅरिस ऑलिम्पिकला गेल्या. शिष्यवृत्ती संपली, बांधिलकी संपली, कुठेही जायला मोकळ्या होत्या. तरी राहिल्या. पाचवा भिडू ही एक कसोटी झाली, ही दुसरी.

आयस्टोन यांच्याकडेही तेच. ते स्वतः १९८८ आणि १९९२ चे ऑलिम्पिक मॅरेथॉनपटू. पॅरिसच्या मॅरेथॉनमध्ये त्यांचे कॉनर मॅंट्झ आठवा आणि क्लेटन यंग नववा, दोघंही बीवाययूचे जुने विद्यार्थी. शेवटचे किलोमीटर शेजारी शेजारी पळताना बघून आमच्या घरात सगळे उभे राहिले होते.


उत्तरायण | बुधवार, दुपारी १.३०

चांगला विषय, पण थोडा विरोधी सूर लावतो.

कोच घडवतो की कोच गोळा करतो? ओक्लाहोमा स्टेटने २०२३ ला ४९ गुण घेऊन नॉर्दर्न ॲरिझोनाला (७१) हरवलं. ओक्लाहोमा स्टेटचे कोच डेव्ह स्मिथ यांच्याबद्दल आदर आहेच, २००९ पासून जिंकतायत. पण त्या संघात परदेशातून आलेले, वयाने मोठे, आधीच तयार झालेले धावपटू होते. न्यू मेक्सिकोत डॅरेन गॉसन यांच्याकडे एरिट्रियाचा हबटॉम सॅम्युएल आहे. बीवाययू हे मॉर्मन पंथाचं विद्यापीठ, तिथली बरीच मुलं दोन वर्षं धर्मप्रचाराला जाऊन येतात. मॅंट्झ घानाला गेला होता, पॅरिसला स्टीपलचेसचं रौप्य मिळवणारा केनेथ रूक्स युगांडाला. परत येतात तेव्हा ती अठराची पोरं नसतात, वीस-एकवीस वर्षांचे पुरुष असतात.

२०१८ पासून ट्रान्सफर पोर्टल आलं. आता खेळाडू कॉलेज बदलायला मोकळा. दुसऱ्याने तीन वर्षं घडवलेला पोरगा चौथ्या वर्षी तुमच्याकडे येतो आणि फोटो तुमचा छापला जातो. अशा काळात "यशस्वी कोच" म्हणजे ज्याच्या फोनमध्ये जास्त नंबर आहेत तो, असंही म्हणता येईल.


ओवी | बुधवार, रात्री ८.५०

मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे, पळणाऱ्या मुली बऱ्याच येतात. पायवाट यांच्या "निम्मा संघ दवाखान्यात का जातो" या प्रश्नाला माझ्या टेबलावरून उत्तर देते.

मुलींच्या बाबतीत निम्म्याहून जास्त वेळा उत्तर ताटात असतं. पळण्यात जेवढी ऊर्जा जाते तेवढी जेवणातून परत आली नाही तर शरीर कपात सुरू करतं. आधी पाळी लांबते, मग थांबते. इस्ट्रोजेन कमी झालं की हाडं विरळ होतात आणि नडगीला, पावलाला, कधी मांडीच्या हाडाच्या मानेला बारीक तडा जातो. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये याला रेड-एस असं नाव दिलं. मुलांनाही होतं, फक्त त्यांच्याकडे पाळीसारखी धोक्याची घंटा नसते.

फसवणूक अशी की, वजन उतरलं की सुरुवातीचे काही महिने वेळ सुधारते! कोच खूश, मुलगी खूश. दुसऱ्या वर्षी तडा. मेरी केन ही अमेरिकेतली केवढी गुणी मुलगी. बारीक हो, आणखी बारीक हो म्हणून कसा दबाव आला, पाळी कशी थांबली, हाडं कशी मोडली, हे तिने २०१९ मध्ये जाहीरपणे सांगितलं, आणि त्यानंतर तिथल्या कॉलेजांतही हा विषय दाराआड राहिला नाही.

माझ्याकडे दोन वर्षांपूर्वी सतरा वर्षांची मुलगी आली. उजव्या नडगीत तडा, सहा महिन्यांतला दुसरा. दुपारी तिने डबा उघडला. दीड पोळी, तेल न घातलेली भाजी आणि काकडीच्या चकत्या. सकाळी १२ किलोमीटर पळून आलेली होती. म्हणाली, सर दर सोमवारी सगळ्यांसमोर वजन करतात आणि वहीत लिहितात. पाळी कधी आली होती विचारलं, तर आठ महिन्यांपूर्वी. हे तिला कोणी कधी विचारलंच नव्हतं, आईनेसुद्धा "पळतेस म्हणून असेल" म्हणून सोडून दिलं होतं. तिच्या तड्यावर इलाज सोपा होता, विश्रांती. ताटात दुसरी पोळी यायला चार महिने लागले.

म्हणून माझी कसोटी तिसरी. पहिल्या वर्षी आलेल्या मुलींपैकी चौथ्या वर्षी किती जणी पळतायत? पदकं नंतर मोजू.


पायवाट | बुधवार, रात्री ११.२०

ओवी, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका, हात जोडून सांगतो. शाळांच्या ग्रुपांवर फिरायला हवा.

उत्तरायण, तुमचा मुद्दा मी टाळणार नाही. भरती हा कोचच्या कामाचा मोठा हिस्सा आहे. एनसीएएच्या नियमाने मोसमात आठवड्याला २० तासच खेळाडूंना अधिकृत सराव देता येतो. बाकीचा वेळ फोन, प्रवास, पालक, व्हिसाची कागदपत्रं. पण ॲलेक्स गिबी यांच्याकडे बघा. हार्वर्ड! आयव्ही लीगमध्ये (हार्वर्ड, येल अशा जुन्या नामांकित विद्यापीठांचा गट) खेळाची शिष्यवृत्ती देताच येत नाही. शिवाय प्रवेशाची चाळणी. तिथून ग्रॅहम ब्लॅंक्स २०२३ ला राष्ट्रीय विजेता झाला, आयव्ही लीगचा पहिलाच पुरुष, आणि २०२४ ला त्याने किताब राखला. मधल्या उन्हाळ्यात पॅरिसला ५००० मीटरच्या अंतिम फेरीत नववा. फोनमधले नंबर इथे किती कामी आले असतील?

आणि नॉर्दर्न ॲरिझोनाचा लुईस ग्रिहाल्वा. ग्वाटेमालातून तान्हा असताना आलेला, कॅलिफोर्नियात वाढलेला, कायमची कागदपत्रं नव्हती. टोकियो ऑलिम्पिकला पात्र ठरला, पण देशाबाहेर गेला तर परत येता येईल याची खात्री नव्हती. शेवटच्या दिवसांत परवानगी मिळाली. पुढे २०२२ आणि २०२३, दोन्ही जागतिक स्पर्धांत ५००० मीटरला चौथा. व्यावसायिक झाल्यावरही तो माइक स्मिथ यांच्याकडेच राहिला. निरांजन यांची कसोटी इथेही लागू पडते. आता स्मिथ स्वतःच २०२५ मध्ये विद्यापीठ सोडून व्यावसायिक धावपटूंकडे गेले. कॉलेजचा कोच गुणी निघाला की कंपन्या त्याला उचलतात, हे माझ्या जिवाला लागतं.

एक काळजी मात्र मलाही आहे. जून २०२५ मध्ये कॉलेज खेळाडूंना पैसे देण्याबाबतचा जो मोठा समझोता अमेरिकन कोर्टाने मंजूर केला, त्यानंतर शिष्यवृत्तीचे जुने आकडे गेले (पूर्वी पुरुषांच्या ट्रॅक आणि क्रॉस कंट्री मिळून सगळ्या संघाला १२.६ शिष्यवृत्त्या, त्याच वाटून द्यायच्या) आणि त्याऐवजी पटाला मर्यादा आली. तो समझोता स्वीकारणाऱ्या कॉलेजांना क्रॉस कंट्रीत १७ जण. ऐकायला पुरेसे वाटतात. पण पूर्वी पंचवीस-तीस पोरांच्या गर्दीत एखादा मागून येणारा, शिष्यवृत्तीशिवाय आलेला पोरगा असायचा, ज्याला तिसऱ्या वर्षी पालवी फुटायची. पाचवा भिडू बहुतेक वेळा तिथूनच यायचा. आता त्याला पहिल्याच वर्षी जागा नाही. उद्या जो कोच वर येईल, तो या १७ मध्ये दोन जागा कच्च्या पोरांसाठी राखून ठेवणारा असेल असं मला मनापासून वाटतं.


चाफा | गुरुवार, सकाळी ६.३०

जुनी माणसं विसरू नका, म्हणून हा प्रतिसाद.

जो विहिल. कोलोरॅडोतलं अलामोसा, २३०० मीटरवरचं छोटं, कडाक्याच्या थंडीचं गाव. ॲडम्स स्टेट कॉलेज. ना पैसा, ना नाव. १९९२ ला डिव्हिजन टूच्या राष्ट्रीय शर्यतीत त्यांचे पाच जण एक ते पाच क्रमांकावर आले. १+२+३+४+५, पंधरा गुण. याहून कमी होतच नाहीत. पायवाट, तुमच्या पाचव्या भिडूच्या सिद्धांताचा याहून मोठा पुरावा नाही, त्या दिवशी त्यांचा पाचवा देशात पाचवा होता! पुढे त्यांनी डीना कॅस्टरला घडवलं, अथेन्सला २००४ मध्ये मॅरेथॉनचं कांस्य. २०२५ च्या जुलैत विहिल गेले.

त्याच वर्षी सप्टेंबरात जॅक डॅनियल्स गेले. १९५६ आणि १९६० च्या ऑलिम्पिकमध्ये मॉडर्न पेंटॅथलॉनची (पाच खेळांची एकत्र स्पर्धा) पदकं, मग शरीरशास्त्राचा अभ्यास, आणि न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्टलंडच्या डिव्हिजन थ्रीच्या मुलींना घेऊन राष्ट्रीय अजिंक्यपदं. आपण जे सरावाचे वेग तक्त्यात बघतो, ते बरेचसे त्यांचेच. कमीत कमी सरावात जास्तीत जास्त फायदा कसा मिळेल, हा त्यांचा ध्यास.

आणि आर्कान्सॉचे जॉन मॅकडोनेल, आयर्लंडच्या मेयो परगण्यातून आलेले, क्रॉस कंट्री आणि ट्रॅक मिळून ४० राष्ट्रीय अजिंक्यपदं. तिघांचे स्वभाव तीन तऱ्हांचे. एक साम्य, तिघांनीही एकाच जागी वर्षानुवर्षं मुळं धरली. लॉरी हेनेस यांचंही तेच. नॉर्थ कॅरोलिना स्टेटकडून त्या १९९१ ला १०,००० मीटरच्या राष्ट्रीय विजेत्या झाल्या, तिथेच कोचिंगला लागल्या, आणि क्रॉस कंट्रीचं अजिंक्यपद आलं २०२१ ला. मग २०२२, मग २०२३. तीस वर्षांनी एक झाड लागोपाठ तीन हंगाम लगडलं.


माणदेशी | शुक्रवार, रात्री ९.१०

पहिल्यांदाच लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मी माण तालुक्यात शाळेत शिक्षक आहे. पोरापोरींना सकाळी पळायला घेऊन जातो. ललिता बाबर आमच्या मोहीची. २०१६ ला रिओत स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत ती पळाली, त्या दिवशी आमच्याकडे टीव्हीसमोर गाव लोटलं होतं. पलीकडे बीडात आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. त्याने २०२२ मध्ये अमेरिकेतच, सॅन हुआन कॅपिस्ट्रानोला, बहादूर प्रसादांचा ५००० मीटरचा तीस वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. नाशिकला विजेंदर सिंग सरांनी कविता राऊत घडवली. म्हणजे आपल्याकडे माती आहे, माणसंही आहेत.

पण हा धागा वाचून मला माझीच वही काढून बघावी वाटली. सहा वर्षांच्या वह्या आहेत. प्रत्येक पानावर पहिल्या दोन पोरींच्या वेळा सेकंदासकट. तिसरीच्या पुढे नुसती नावं. काही ठिकाणी नावंही नाहीत, "इतर ४". माझ्या हाताने मी "इतर ४" लिहिलंय. त्यातली एक आता पोलिसात आहे, एकीचं बारावीतच लग्न झालं, दोघींचं काय झालं मला सांगता येत नाही.

आंतरशालेय क्रॉस कंट्रीत सांघिक गुण आपल्याकडेही धरतात. पण पदकाचा फोटो पहिलीचा, पेपरात नाव पहिलीचं, म्हणून मीही पहिलीच्याच मागे सायकल चालवली. ओवीताई, तुमचा डबा वाचून दुसऱ्या दिवशी पोरींना काय खाऊन आलात विचारलं. नऊपैकी सहाजणी चहावर आल्या होत्या. सोमवारपासून भिजवलेले शेंगदाणे आणि गूळ न्यायला लागलोय. शाळेतल्या एका बाईंना सांगितलंय पाळीचं विचारायला, माझ्याशी बोलायला पोरी लाजतात.

पायवाट सर, एक प्रश्न. पाचव्या पोरीला घडवायचं म्हणजे रोजच्या सरावात नेमकं काय वेगळं करायचं?


पायवाट | शुक्रवार, रात्री १०.०५

माणदेशी सर, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. मी बघणारा माणूस, तुम्ही करणारे. तरी जे पाहिलं ते सांगतो.

पहिली आणि पाचवी यांच्यातलं अंतर मोजा. मिनिट-सेकंदात, दर रविवारी, त्याच रस्त्यावर. चांगले संघ ज्याच्यामागे लागतात तो हाच आकडा. दुसरं, पाचवीला पहिलीच्या वेगाने ओढू नका. तिसरी-चौथी-पाचवी अशा तिघींचा एक गट करा, तिघींना एकत्र बोलता येईल अशा वेगाने आठवड्यातले चार दिवस पळू द्या. वेगाचा सराव एकच दिवस, तोही "अजून एक फेरी जमेल" असं वाटत असतानाच थांबवायचा. शर्यतीत त्या एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून पळतात, गर्दीत घाबरत नाहीत.

आणि तुमची सायकल मागच्या गटाबरोबर ठेवा.


उत्तरायण | शुक्रवार, रात्री १०.४०

माणदेशी सर, माझा आधीचा प्रतिसाद मागे घेत नाही, पण तुमच्यापुढे तो फार लहान वाटतो. लिहीत राहा.


माणदेशी | रविवार, दुपारी १२.१५

आज सकाळी मोजलं. सहा किलोमीटर, देवळापासून ओढ्यापर्यंत आणि परत. पहिली २४ मिनिटं ५० सेकंद. पाचवी २८ मिनिटं ३५ सेकंद. फरक ३ मिनिटं ४५ सेकंद.

सायकल मागे ठेवली होती. चौथ्या किलोमीटरला पाचवी पोरगी थांबली, वाकून बुटात बोट घातलं, परत पळायला लागली. पुढे पुन्हा थांबली. संपल्यावर बूट काढायला लावला. भावाचा बूट होता, पुढे वर्तमानपत्राचा बोळा कोंबलेला, घामाने त्याचा लगदा झाला होता. टाचेला जुने फोड, त्यांच्यावर नवे फोड. दोन वर्षं ही पोरगी माझ्यापुढे पळतीय.


निरांजन | रविवार, दुपारी १२.४०

बुटाचा नंबर कळवा सर. व्यक्तिगत निरोप केलाय, पत्ताही द्या.


माणदेशी | रविवार, दुपारी १२.५२

चार नंबर.